टायटॅनियम कुठल्या थरात आहे?

नकली चित्रांवरच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते. त्यांत बहुधा रंगाचा एक कण सापडतो आणि चित्र तिथल्या तिथे खोटं ठरतं. प्रयोगशाळेत निकाल इतका सरळ लागत नाही. रविवर्म्यांची सही असलेलं एक स्त्रीचित्र आमच्याकडे तपासायला आलं होतं, त्याचंच सांगते.

मागची बाजू भरवसा वाटावा अशी होती: जुनं कापड, गंजलेले छोटे खिळे, काळवंडलेली चौकट. पण जुना कॅनव्हास विकतही मिळतो. यूव्ही दिव्याखाली वॉर्निश हिरवट चमकलं. ते नैसर्गिक राळेचं असावं, एवढंच त्यातून कळतं.

एक्सआरएफमध्ये, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत, साडीच्या पांढऱ्यात टायटॅनियम दिसलं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या हाती आलं ते १९२० च्या सुमारास. जर्मन बनावटकार बेल्ट्राकीने चित्रकार काम्पेंडोंकचं, १९१४ चं म्हणून खपवलेलं चित्र याच रंगामुळे पकडलं गेलं. तरी इथे घाई नडते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या रेषांवरून ओळखतात; बेरियमची रेषा ४.४७ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येते, टायटॅनियमची ४.५१ ला, यंत्राची सहज गफलत होते. आणि बेरियम असलेलं लिथोपोन हे पांढरं रंगद्रव्य तर रविवर्म्यांच्या हयातीत मिळत होतं. म्हणून बेरियमची ३२ केईव्हीजवळची रेषा शोधली. ती नव्हती, म्हणजे ते टायटॅनियमच. लेझरने पदार्थ ओळखणाऱ्या रामन तपासणीत रूटाइल, म्हणजे टायटॅनियम व्हाइटचा नंतर आलेला प्रकार, निघालं, म्हणजे पांढरा रंग साधारण १९४० नंतरचा.

एवढ्यावरही चित्र बाद करता येत नाही. अस्सल चित्राची कुणी नंतर डागडुजी केली असेल, तरी हेच दिसेल. मग साडी, गाल आणि पार्श्वभूमी अशा तीन जागी, आधीच असलेल्या तड्यांच्या कडेने, अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण काढले. पारदर्शक रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश करून ते सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या छेदात पाहिले. तळाशी शिसं असलेलं पांढरं अस्तर, त्यावर तपकिरी रंग, त्यावर वॉर्निशची पातळ रेघ आणि मळ. टायटॅनियमचा रंग आला तो या मळाच्याही वर, तिन्ही जागी. शिवाय खालच्या थरातल्या तड्यांत तो उतरला होता. म्हणजे खालचं चित्र वाळून, मळून, तडकल्यावर हे वरचं रंगवलं गेलं. डागडुजी असती तर खाली साडीचा, गालाचा मूळ रंग मिळायला हवा होता. एक्स-रेमध्ये फेटा घातलेला पुरुष दिसला, तेव्हा तीही शंका मिटली.

अहवालात मी ‘बनावट’ हा शब्द वापरला नाही. रंग कुणी आणि कोणत्या हेतूने लावला, हे थर सांगत नाहीत. ‘दिसणारं चित्र १९४० च्या आधीचं असणं शक्य दिसत नाही,’ असं लिहिलं आणि तिन्ही छेदांची छायाचित्रं जोडली. खालचं चित्र मोकळं करता येईल का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं: तड्यांत मुरलेला वरचा रंग विरघळवणारं द्रावण खालच्या रंगालाही सोडणार नाही.