आरएक्स १००, यवतेश्वर घाट, फुल रेस : आतापर्यंतच्या नोंदी

गाडी यमाहा आरएक्स १००. ९८ सीसी टू-स्ट्रोक, मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटर, सायलेन्सर मूळचा, ऑईल पंप चालू. साताऱ्यातून कोरेगाव रस्त्याला गाडीची काही तक्रार नाही. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढताना मात्र तिसऱ्या गिअरला मूठ पूर्ण पिळली की मिनिट-दीड मिनिट झकास ओढते, मग ढेपाळते. रेस कमी करून जरा दम खाऊ दिला की पुन्हा पळते.

फुल रेसचा दोष म्हटलं की हात सरळ मेन जेटकडे (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) जातो. पाऊण ते पूर्ण रेसला पेट्रोल मेन जेटच ठरवतं हे खरं, पण त्या जेटपर्यंत पेट्रोल पोचतंय का हे आधी बघायला हवं. त्याच्याही आधी गाडी कशी मरते ते कान देऊन ऐकायचं.

एकदम कट मारून झटक्यात परत येत असेल तर दोष करंटचा. पूर्ण रेसला सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो, तेव्हा ठिणगी उडायला व्होल्टेजही जास्त लागतं. तडा गेलेली प्लग कॅप किंवा थकलेली कॉइल आयडलला गुण्यागोविंदाने चालते आणि चढावर तोंडघशी पाडते. गाडी भुरभुर आवाज करत धुरासकट अडखळत असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. ठराविक आरपीएमला भिंत लागल्यासारखी थांबत असेल आणि तिथेच टिकून राहत असेल तर सायलेन्सर बघा. हळूहळू दम सोडत असेल आणि सोडताना इंजिनातून टिणटिण ऐकू येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. या गाडीचं हे शेवटचंच होतं. अशा वेळी मूठ तशीच धरून ठेवू नका, पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम होतो.

नोंद १

फिल्टरकडचा रबर काढून, इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळली आणि टॉर्च मारून आत पाहिलं. स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होणारा कार्बोरेटरचा पडदा) तोंडाच्या वरपर्यंत जाते. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही. केबल ढिली असली तर गाडीला फुल रेस कधी मिळतच नाही आणि आपण जेट बदलत बसतो.

नोंद २

पेट्रोलची धार मोजली. हिशोब असा: ११ हॉर्सपॉवर काढताना हे इंजिन तासाला साडेचार-पाच लिटरच्या आसपास पितं, म्हणजे मिनिटाला ७५ ते ८० मिली. टाकीखालच्या कॉकमधून त्याच्या दुप्पट तरी पडायला हवं.

कार्बोरेटरला लावलेली नळी काढून तिचं टोक खुणा असलेल्या बाटलीत सोडलं, टाकीचं झाकण बंद, कॉक चालू. पहिल्या मिनिटाला १४० मिली, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला करंगळीएवढी धारही राहिली नाही. झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज आला, हवा आत ओढली गेली. झाकण उघडं ठेवून तीच चाचणी केली तर प्रत्येक मिनिटाला २२० मिली, शेवटपर्यंत एकसारखी धार.

ही चाचणी एक मिनिट करून थांबलात तर फसाल. पहिलं मिनिट धड जातं. तीन मिनिटं करा.

नोंद ३

झाकणातलं हवेचं भोक बंद होतं. झाकण उलटं करून बघितलं तर वॉशरखाली मळकट तपकिरी खळ बसलेली. धूळ आणि गाडी धुतानाचं पाणी मिळून तिचा चिखल झालेला आणि तो वाळून दगडासारखा टणक. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, बारीक तारेने टोकरून, मग उलट्या बाजूने हवा मारली. तोंडाने फुंकर घातली की आरपार जायला हवी.

इतकंसं भोक गाडी का मारतं ते समजून घेण्यासारखं आहे. अर्ध्या भरलेल्या टाकीत साधारण पाच लिटर हवा असते. आत नवी हवा येत नसताना १०० मिली पेट्रोल खाली गेलं की ती हवा दोन टक्क्यांनी विरळ होते. दोन टक्के काहीच वाटत नाहीत, पण दाबातली तेवढी घट पेट्रोलच्या सव्वीस सेंटिमीटर उंचीइतकी भरते आणि टाकी ते कार्बोरेटर एवढीच तर उंची असते. धार थांबते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हवेची जागा आणखी कमी, म्हणून तेव्हा गाडी लवकर मरते. ‘टाकी फुल केली की जास्त त्रास देते’ अशी तक्रार ऐकलीत तर आधी झाकण तपासा.

भोक पूर्ण बंद असेलच असं नाही. थोडीफार हवा येत असेल तर सपाटीवर, अर्ध्या रेसला ती पुरते. म्हणूनच कोरेगाव रस्त्यावर दोष दिसला नाही.

त्याच बैठकीत कॉक उघडला. आतल्या जाळीवर गंज होता, तो साफ केला. कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्याही पाहून घ्या. गाडी शेडमध्ये महिना-दोन महिने उभी असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. फ्लोट चेंबरला हवा मिळाली नाही की लक्षणं तीच.

नोंद ४

झाकण साफ झाल्यावर गाडी घाट पूर्ण चढली, पण वरच्या टोकाला टिणटिण राहिली. प्लग चॉप केला: त्याच हीट रेंजचा नवा प्लग, चढावर पूर्ण रेसला दहा-पंधरा सेकंद, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद. तसंच घरंगळत येऊन प्लग काढायचा. आयडलला ठेवलात तर वाचन पुसलं जातं. इलेक्ट्रोडचा रंग बघू नका, पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाशी खोलवर कडं पडतं ते बघा. इथे कडं जवळजवळ नव्हतंच, पांढरंफेक. चांदीसारखे बारीक ठिपके नव्हते हे नशीब. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं आणि ते दिसलं की गाडी तिथेच थांबवायची. (चाचणी सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर. कासला फुलं असताना शनिवार-रविवार या घाटात असले प्रयोग करू नयेत.)

जेट ९५ चं निघालं (आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त). आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन हवं. ९५ चे आठ टक्के वाढवले की १०२.५ येतं.

जेट नेहमी मोठ्याकडून लहानाकडे यायचं. आधी १०५ टाकलं: साताऱ्यात बरी, यवतेश्वरच्या वर भुरभुरायला लागली. सातारा सुमारे ७०० मीटरवर, कास १,२०० च्या आसपास. हवा पाच-सहा टक्के विरळ होते, पण जेटच्या हिशोबात फरक त्याच्या निम्मा, अडीच-तीन टक्के, म्हणजे साधारण तीन आकडे. १०२.५ ला वरपर्यंत स्वच्छ ओढली, कडं तपकिरी.

उंचीपेक्षा थंडीचा हिशोब मोठा आहे. १२ अंशाची सकाळ आणि ३८ अंशाची दुपार यांत हवेच्या घनतेत आठ टक्के फरक पडतो. म्हणून मे महिन्यात लावलेलं जेट डिसेंबरात कमी पडतं. थंडीच्या सकाळी जुळवा, उन्हाळ्यात थोडी भुरभुरली तरी चालेल.

पेट्रोलमध्ये वरून टू-टी ऑईल जास्त टाकून ‘सेफ’ करू नका. जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी कोरडं होतं.

नोंद ५

सायलेन्सरची आतली नळी काढून जाळली, खरवडली. थोडाच कार्बन होता. कॉस्टिक वापरणार असाल तर फक्त लोखंडी भागाला, ॲल्युमिनियमला नाही.

नोंद ६, काम बाकी

मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूच्या ऑईल सीलमधून इंजिन जादा हवा ओढत असेल तर १०२.५ हे त्या गळतीवरचं पांघरूण ठरेल. त्यामुळे जेट कायम करण्याआधी गळती तपासायची: एक्झॉस्टच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी, इनटेकला रबरी बूच, प्लगच्या भोकातून पंपाने ६ पीएसआय. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर वेगळी खूण असते, गिअर ऑईल कमी होतं आणि पांढरा धूर येतो. या गाडीत ते नाही. मॅग्नेट ओढायचा पुलर मिळाला की पुढची नोंद.