दगडातला कापूस

"आत्या, बघ ना, दगडातून कापूस निघतोय!"

दादरच्या घरी माळा आवरताना आज बाबांची खनिजांची जुनी पेटी निघाली. भाचा एक हिरवट दगड नखाने खरवडत बसला होता. बोटांना पांढरे, रेशमासारखे तंतू. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: क्रिसोटाइल. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच.

काळजात धस्स झालं. "फुंकू नकोस!" म्हणून ओरडलेच. त्याचे हात धुतले, लादी ओल्या फडक्याने पुसली, दगड दोन पिशव्यांत घट्ट बांधला.

एकदा हात लागल्याने लगेच काही होत नाही, कळतं मला. पण श्वासातून गेलेले हे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. कॅन्सर कळायला २०-४० वर्षंही जातात.

झारखंडमधल्या रोरो टेकड्यांतली अ‍ॅस्बेस्टॉसची खाण १९८३ मध्ये बंद पडली. कचरा तिथेच, उघड्यावर. तिथल्या पोरांना कोण ओरडतं?