दोन तूयबोयेवा होत्या, आता एकच उरली

मंडळी, तीन आठवडे गायब होते कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसती चिडचिड होती. काल रात्री साडेबाराला गाठ सुटली, एकदाची!

खरं तर आजची नोंद प्रोनिनवर असणार होती. म्हणजे 'परदेसी'वाला वसिली प्रोनिन, ज्याने १९५७ला के. ए. अब्बासांबरोबर अफनासी निकितीनचा सिनेमा केला (निकितीन म्हणजे आपल्या चौलला उतरलेला तो रशियन व्यापारी, रेवदंड्याला स्मारक आहे बघा) आणि त्याआधी १९४२ला, युद्धाच्या धामधुमीत, स्तालिनाबादला (म्हणजे आताचं दुशान्बे, ताजिकिस्तानची राजधानी) 'ताजिकिस्तानचा पुत्र' हा सिनेमा काढला. त्या धाग्याला धरूनच मी ताजिक नट्यांच्या भानगडीत पडले होते. जुन्या पोस्टरांवरचं एकेक नाव वाचून कलाकारामागे एक कार्ड करते मी. पण प्रोनिन राहू दे आता, कारण कार्ड नंबर ५७ आणि ५८.

जुन्यांना आठवत असेल, ५७ म्हणजे सोफिया तूयबोयेवा, तिथल्याच लाहूती थिएटरची नटी, नंतर सिनेमातही. ५८ म्हणजे ती दुसरी कोण ती 'एस. तुझवोझेवा', तिशीच्या दशकातल्या पोस्टरांच्या स्कॅनमध्ये सारखी दिसायची आणि १९४० नंतर एकदम गायब. मी तर मनात तिची पूर्ण गोष्ट रचली होती, लग्न झालं असेल, गाव सोडलं असेल, स्तालिनच्या त्या काळात लोक कसे नाहीसे व्हायचे ते माहितीये आपल्याला. आईने स्क्रीनवर नाव वाचलं आणि म्हणाली, तुझं ओझं? आणि हसत सुटली. मी चिडले.

तर झालं असं की त्या नट्यांनी एका आयुष्यात तीन लिप्या बघितल्या. लहानपणी अरबी-फारसी, मग १९२८च्या सुमारास लॅटिन आली, आणि १९४०ला सिरिलिक. मधल्या त्या दहाबारा वर्षांच्या लॅटिनसाठी ओसीआरमध्ये (स्कॅनमधली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) पर्यायच नाही, म्हणून मी शहाणपणा करून तुर्की निवडलं, जोडीला रशियन. तिथेच माती खाल्ली.

परवा कंटाळून म्हटलं, ज्याचं नाव पक्कं माहितीये असा माणूस घेऊ. त्याच पोस्टरवर मुहम्मदजोन कोसिमोव आहे, ऑथेल्लो गाजवलेला, १९४१ला सोव्हिएत संघाचा 'पीपल्स आर्टिस्ट' हा किताब मिळालेला, त्याच्याबद्दल शंकाच नको. तर माझ्या यादीत तो चक्क 'मुहम्मदचोन'! बरं स्कॅन झूम केला तर 'सी'खाली शेपटी स्पष्ट दिसतेय, मशीनने बरोबर वाचलीये. तुर्कीत शेपटीवाला सी म्हणजे च आणि बिनशेपटीचा म्हणजे ज. ताजिक लॅटिनमध्ये बरोब्बर उलटं!! शेपटीवाला ज, साधा च. म्हणजे दोष मशीनचा नाही, अक्षरांचे उच्चार लावायच्या माझ्या तुर्की नियमांचा. हे कळल्यावर मी उठून चहा केला, रात्री, आलं घालून.

मग तुझवोझेवा. तुर्कीतला 'जे' म्हणजे झ, ताजिकमधला 'जे' म्हणजे य. बदलला, तर झाली 'तुयवोयेवा'. जवळ आलं, पण तो व काही जाईना. यावर दोन तास गेले. शेवटी आठशे टक्के झूम केलं तर ते अक्षर व नव्हतंच, ते होतं बुटकं कॅपिटल 'बी'. तेव्हाच्या सोव्हिएत लॅटिनमध्ये छोटा बी असाच छापायचे, कारण तुर्की कुळातल्या भाषांसाठी केलेल्या लिपीत छोट्या बीसारखंच दिसणारं एक वेगळं स्वराक्षर होतं, गोंधळ नको म्हणून बीला बुटका केला आणि ताजिकनेही तेच उचललं. आणि हा बुटका बी दिसतो हुबेहूब रशियन 'व'सारखा, रशियन जोडीला होतंच, मशीनने आनंदाने व लावला. व काढून ब घाला. तूयबोयेवा!

कोणी गाव सोडलं नव्हतं हो. १९४०ला फक्त पोस्टरची लिपी बदलली, बाई तिथेच होती. ५८ नंबरचं कार्ड फाडलं, त्यावरच्या सगळ्या तारखा ५७वर चढवल्या, आता तिची १९३०च्या दशकापासूनची कारकीर्द एका रेघेत दिसते. इतकं बरं वाटलं ना.

ज्यांना रशियनमध्ये शोधायचंय त्यांनी 'तुयबायेवा' टाकून बघा, ताजिकमध्ये 'तूयबोयेवा'. फरक 'बा' आणि 'बो'चा, पण सर्च इंजिनला त्या दोन वेगळ्या बायका. रोझा अकोबिरोवाचं (१९५७च्या 'मला भेटली एक मुलगी' सिनेमातली नटी) बरंय, दोन्हीकडे सारखंच नाव, देव तिचं भलं करो.

आणि तारीख नसलेल्या कागदांसाठी माझी युक्ती: शहर बघा. दुशान्बे १९२९ ते १९६१ स्तालिनाबाद होतं. स्तालिनाबाद अधिक लॅटिन म्हणजे १९२९ ते १९४०, एवढ्यात बसलंच पाहिजे. पोस्टकार्डं विकणारे एक गृहस्थ लॅटिनवालं पोस्टर 'पन्नाशीतलं' म्हणून देत होते, मी काही बोलले नाही, कारण स्वस्त होतं.

बरं, लिहिता लिहिता डोक्यात आलं, तुर्की नियमांनी वाचलेली अजून एकसष्ट कार्डं आहेत माझ्याकडे. सगळीकडे च आणि ज उलटे असणार. म्हणजे खोजा सगळे खोचा झालेत, आणि माझ्याकडे दोन दोन 'हलीमाचोन' आणि 'हलीमाजोन' आहेत ज्यांना मी मायलेकी समजत होते. आधी हे उपसते. प्रोनिन दिवाळीनंतर.