तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा प्रोग्रामला डेटाबेस कशाला?

"ऑब्जेक्ट सरळ फाईलमध्ये टाकायचे ना, त्यासाठी डेटाबेस कशाला, आणि तोही असिंक, म्हणजे एक काम होईपर्यंत बाकीची न अडवणारा?" माझा कोड बघितला की दर दोन माणसांतला एक जण हे विचारतोच. विचारलंत म्हणून सांगतो, मीही आधी फाईलच वापरायचो.

पायथनमध्ये एक छोटा बॉट लिहिला होता, लोक त्याला सांगणार आणि तो वेळेवर रिमाइंडर पाठवणार, एवढंच काम. सगळे रिमाइंडर एका डिक्शनरीत, आणि काहीही बदललं की अख्खी डिक्शनरी जेसनमध्ये (डेटा साध्या टेक्स्टमध्ये लिहायची पद्धत) डंप. आता फाईल लिहायला उघडली की ती आधी रिकामी होते आणि मग लिहिणं सुरू होतं, हे माहीत असूनही आपण विसरतो. नेमकं त्या मधल्या क्षणी प्रोसेस मेली, आणि सकाळी फाईल उघडली तर शेवटची ओळ अर्ध्या कंसात लटकलेली, बाकी सगळं गायब. यावर उपाय आहे, टेम्पररी फाईलमध्ये लिहायचं आणि मग ती जुनीच्या जागी रिनेम करायची. शे-दोनशे ऑब्जेक्ट असतील आणि लिहिणारा एकच असेल तर मी आजही हेच करेन, उगाच डेटाबेसच्या नादी लागणार नाही.

मग पिकल, म्हणजे ऑब्जेक्ट फाईलमध्ये साठवायचं पायथनचं स्वतःचं मॉड्यूल, वापरून बघितलं, कारण वाटतं की वा, ऑब्जेक्ट जसाच्या तसा राहतोय. राहत नाही. पिकल फक्त मॉड्यूलचं नाव, क्लासचं नाव आणि आतल्या व्हॅल्यू लिहून ठेवतं, क्लासचा कोड नाही. मी क्लास दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवला आणि जुनी फाईल उघडेचना. ते तरी बरं, लगेच कळतं. क्लासला नवीन फील्ड जोडलं तेव्हा जास्त वाट लागली, कारण अनपिकल करताना, म्हणजे फाईलमधून ऑब्जेक्ट परत आणताना, इनिट (नवीन ऑब्जेक्टची फील्ड भरणारं फंक्शन) चालतच नाही, त्यामुळे जुने ऑब्जेक्ट त्या फील्डशिवायच परत आले आणि दोन दिवसांनी भलतीकडेच फुटले. (आणि दुसऱ्याने दिलेली पिकल फाईल उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या मशीनवर चालवणं, हे वेगळंच.)

तेव्हा डोक्यात बसलं की ऑब्जेक्ट ठेवायचाच नसतो, त्यातला डेटा ठेवायचा असतो, ऑब्जेक्ट आपण परत बनवू. मग एसक्यूलाइट, साध्या फाईलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस. ज्यावर शोधायचं त्याचे कॉलम, म्हणजे आयडी, वेळ, स्टेटस, आणि उरलेलं सगळं जेसन करून एका टेक्स्ट कॉलममध्ये. २०२२ च्या ३.३८ व्हर्जनपासून जेसन फंक्शन आतच असतात, त्यामुळे वेळ पडली तर आतल्या फील्डवर क्वेरीही मारता येते. शिवाय यूजर व्हर्जन नावाचा एक आकडा फाईलच्या हेडरमध्येच बसतो, प्रोग्राम सुरू होताना तो वाचायचा आणि जुना असेल तर टेबल अपडेट करून घ्यायचं. हे इतकं कामाचं आहे आणि लोकांना माहीतच नसतं.

आता असिंक. एसक्यूलाइट स्वतः असिंक नाही, ती एक सी लायब्ररी आहे, कॉल केला की काम होईपर्यंत थांबते. मी वापरतो ती एआयओएसक्यूलाइट काय करते, तर डेटाबेसच्या प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड (बाजूला स्वतंत्र चालणारी कामाची धार) देते आणि आपले कॉल रांगेत लावते. त्यामुळे लिहिणं फास्ट होत नाही, उलट किंचित स्लोच, पण डिस्कवर लिहिणं चालू असताना इव्हेंट लूप, म्हणजे सगळ्या टास्कना आळीपाळीने चालवणारा भाग, बाकीच्यांकडे बघू शकतो, आणि बॉटला तेवढंच हवं असतं.

यातच मी सणकून आपटलो. एका टास्कमध्ये रिमाइंडरची जुनी रो डिलीट, अवेट (इथे टास्क थांबतो आणि दुसऱ्यांना संधी मिळते), मग नवीन रो इन्सर्ट, मग कमिट, म्हणजे बदल पक्के. दिसायला एकदम नीट. पण ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) टास्कचं नसतं, कनेक्शनचं असतं, आणि माझं कनेक्शन सगळ्या टास्कमध्ये एकच. पहिला टास्क डिलीट करून अवेटवर थांबला तेवढ्यात दुसऱ्याने आपलं काम कमिट केलं, त्याबरोबर माझं डिलीटही कमिट झालं, पुढे इन्सर्टला एरर आली, मी रोलबॅक केला, म्हणजे बदल रद्द करायला गेलो, आणि रोलबॅक करायला काही उरलंच नव्हतं. रिमाइंडर गेला तो गेला. टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नाही कारण टेस्टमध्ये टास्क एकच! आता लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनभोवती असिंकआयओचा (पायथनची असिंक लायब्ररी) लॉक असतो, म्हणजे एका वेळी एकच टास्क आत, आणि त्या लॉकच्या आत नेटवर्कचा अवेट मी कुणाला टाकू देत नाही.

बाकी किरकोळ. हजार रो घालायच्या तर हजार कमिट करू नका, एकच करा, कारण वेळ जातो तो कमिटला डिस्कची वाट बघण्यात. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिण्याचा) चालू करा, म्हणजे वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, तरी लिहिणारा एका वेळी एकच हे लक्षात असू द्या. तो मोड नेटवर्क ड्राइव्हवर चालत नाही.

आणि चालू डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करून त्याला बॅकअप म्हणू नका, सगळ्यात ताज्या नोंदी शेजारच्या त्या डब्ल्यूएएल फाईलमध्ये असू शकतात. व्हॅक्यूम इन्टू चालवा, एका कमांडमध्ये स्वच्छ कॉपी मिळते.