टेमिंकचा टिलवा पाहिला, पण नोंद होईना

सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीच्या तलावावर टेमिंकचा टिलवा, म्हणजे काठच्या चिखलात टिपणारा एक छोटा पाणपक्षी, मी पहिल्यांदा पाहिला त्याला बरेच दिवस झाले, पण एका नोंदीसाठी जे ताटकळावं लागलं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

वडूजहून उजाडायच्या आत निघालो होतो. हिवाळा सरत आला की तलावाचं पाणी मागे हटतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. छोटा टिलवा ही त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, तिचा थवा तिथे नुसता पळत होता. त्यांच्यापासून लांब, गवताच्या कडेला, एकच पक्षी सावकाश टिपत होता. पाठ साधी करडी-तपकिरी, छातीवर करडा पट्टा. आकाराने अगदी तेवढाच, पण हा वेगळा, हे तिथेच कळलं.

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात तलावावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी जे ठेवतात त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पाय काळे आहेत, छोटा टिलवाच." छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकचे पिवळसर-हिरवे, हे खरंच. पण गुडघाभर चिखल लागलेले पाय कुठल्याही टिलव्याचे काळेच दिसणार ना! तसं कळवलं. आठवण केली. परत कळवलं. दरवेळी "बघतो". छातीचा पट्टा बघा, थवा सोडून एकटा चरतोय ते बघा, म्हणून विनवलं, तरी कोणी फोटो मोठा करून पाहीना. आणि एक दिवस पाहतो तर यादीत माझ्या नावापुढे छोटा टिलवा! मला न विचारता. हे फार लागलं.

मग पुन्हा गेलो. पक्षी त्याच गवताकडेला. चिखलात न उतरता काठावर बसून राहिलो, शेवटी तो पाण्यात शिरला आणि धुतलेले पाय पिवळे दिसले. उडाला तेव्हा तिर्र्र आवाज केला, शेपटीच्या कडेची पिसं स्वच्छ पांढरी. छोट्या टिलव्याची ती करडी असतात. सलग फोटो घेत होतो म्हणून एकात ती नेमकी सापडली. त्या फोटोनंतर नोंद बदलली, एका शब्दाचंही उत्तर न देता. बदलली तरी, याचा मला अभिमान आहे.

तुम्ही जाणार असाल तर ऊन चढायच्या आत फोटो उरका, नंतर चिखलावरची हवा थरथरते आणि पाय-पिसं काही कळत नाही. सूर्य पाठीशी ठेवा. आवाज आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साधा टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर शेपटीची पांढरी कड पार पुसट होते.