मोठा ए, छोटा ए

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. चाररेघी वहीत मोठी एबीसीडी गिरवून हात जरा बसतोय, तोवर बाईंनी छोटी काढायला लावली. एकच अक्षर दोनदा का शिकायचं, हे विचारायची तेव्हा टाप नव्हती.

वाचनालयाची सभासद-यादी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. यादी इंग्रजीत, तिघाचौघांनी टाईप केलेली. त्यातल्या एकाने कॅप्सलॉक कधी काढलाच नव्हता. ‘पाटील’ शोधले तर निम्मे पाटील गायब! मशीन प्रत्येक अक्षर आकड्याने ओळखतं. त्याच्या लेखी मोठा ए म्हणजे ६५ आणि छोटा ए म्हणजे ९७, त्यामुळे दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. खरं तर प्रत्येक जोडीत फरक बरोब्बर ३२चा, म्हणजे एका बिटाचा, शून्य-एकच्या एका घराचा. अक्षरांना आकडे देणारा तक्ता म्हणजे ॲस्की. १९६३च्या पहिल्या ॲस्कीत तर छोटी अक्षरं नव्हतीच, ती १९६७मध्ये आली. त्याआधीच्या मशीनला माझ्यासारखा त्रास झाला नसेल.

“अरे मामा, मायनस आय लाव की,” भाचा म्हणाला. ग्रेप नावाची शोधायची आज्ञा, तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि आय, म्हणजे मोठंछोटं एकच धर. सगळे पाटील ओळीने हजर. मी खूश.

भाच्याला माझी खुशी बघवली नाही. म्हणाला, तुर्की भाषेत टिंबवाला आय वेगळा आणि बिनटिंबाचा वेगळा, प्रत्येकाचा मोठा भाऊ स्वतंत्र. इंग्रजीचा हिशेब तिथे लावला की घोटाळा. जर्मनांचं एक अक्षर मोठं केलं की त्याचे दोन एस होतात. असू देत. आपल्या देवनागरीत लहानमोठं नाहीच, म्हणून मी निर्धास्त होतो.

मग मराठी यादी उघडली. रजिस्टरात तीन गोऱ्हे, मशीनला सापडला एकच. तिन्ही नावं पडद्यावर मोठी करून पाहिली, भिंग लावल्यासारखी. मात्रेचाही फरक नाही. शेवटी भाच्याने आतले आकडे काढून दाखवले. एकाने नुक्तावाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला होता. बाकी दोघांनी साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडणारं चिन्ह, असं केलं होतं. कागदावर हुबेहूब तेच, पोटात निराळं. मायनस आय लावून पाहिला, तो बिचारा काय करणार? त्याला मोठंछोटं तेवढं कळतं. शेवटी कंसात दोन्ही रूपं लिहून मध्ये उभी रेघ मारली, म्हणजे ‘हे किंवा ते’, तेव्हा तीन गोऱ्हे एकत्र आले.

हाच उपाय दिक्षित-दीक्षितांना. चौकटी कंसात पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, जी असेल ती चालेल. कुलकर्णी-कुळकर्णींसाठी ल आणि ळ. माझा शोधायचा साचा इतका लांबला की तो मलाच वाचता येईना. आपला डोळा मात्र हे सगळं पोस्टमनसारखं, न कुरकुरता, रोज चालवून घेतो.

परवा वर्गणी भरायला दीक्षितकाका आले. पडद्याकडे वाकून म्हणाले, “आमचा दी दीर्घ आहे हो!”

“तुमचा दीर्घच आहे काका. हा खालचा ह्रस्व कुणाचा?”

त्यांनी चष्मा वर केला, पत्ता वाचला आणि खाली बसले. “तो माझा मुलगा. फॉर्म त्याने स्वतःच भरला होता.”