पत्रिकेवरची केसाएवढी रेघ

लग्नपत्रिकेवर शोभणाऱ्या जाड-बारीक फॉन्टमध्ये उभ्या रेघा भरदार, आडव्या केसाएवढ्या. पॅरिसमध्ये फर्मां दिदो आणि पार्मात जांबात्तिस्ता बोदोनी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अक्षरांचा हा प्रकार टोकाला नेला. कागद गुळगुळीत झाला, छपाईयंत्रं सुधारली, म्हणून तेवढी बारीक रेघ उतरू लागली. ती अट आजही कायम आहे.

देवनागरीत एक अडचण जास्तीची. बोरूने लिहिलं की शिरोरेषा आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे येतात. रोमन (इंग्रजी) लिपीच्या हिशोबाने आडवं सगळं बारीक केलं की सर्वांत आधी शिरोरेषाच झिजते, आणि शब्द बांधून ठेवणारी तीच. म्हणून असा फॉन्ट मथळ्यापुरता. रोझा वन हा मोफत फॉन्ट नमुन्यादाखल बघा: जाड-बारीक फरक प्रचंड, वजन (म्हणजे ठळकपणा) एकच. पत्रिकेवर वधूवरांच्या नावांना शोभतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासूनचा मजकूर त्यात लावला तर आजोबा पत्रिका हातभर लांब धरतील. त्या मजकुराला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट बरा.

आकार ठरवताना गणित करा. फॉन्टचा आकार १००० युनिटांत मोजला आणि सर्वांत बारीक रेघ त्यातली २० युनिटं असेल, तर १२ पॉइंटला ती ०.२४ पॉइंट होते, ३६ला ०.७२. आर्ट पेपरवर काळ्या शाईत पाव पॉइंट निघतो. गडद रंगात अक्षर पांढरं सोडायचं असेल तर शाई दोन्ही बाजूंनी आत येते. किमान अर्धा पॉइंट ठेवा. खरखरीत हँडमेड कागदावर सोनेरी फॉइल असेल तर एक पॉइंटच्या खाली जाऊच नका. फॉइल रेघेच्या मध्येच तुटतं आणि ‘श्री’चा रफार कुठे गेला ते शोधत बसावं लागतं... रफार कसला, रकार! घाईत तपासलं की अशीच गफलत होते, म्हणून ‘वऱ्हाडी’, ‘लक्ष्मी’, ‘तुळजाभवानी’, ‘चि. सौ. कां.’ एवढे शब्द आधी टाइप करून बघा. ऱ्य-ऱ्ह, ळ आणि मराठी वळणाचे ल-श फॉन्टमध्ये नसतील तर तो तिथेच बाजूला ठेवा.

मरून रंग चार रंगांच्या ठिपक्यांतून काढू नका. रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर अचूक बसणं, जरा हललं की बारीक रेघेला गुलाबी कड दिसते. एकच तयार शाई घ्या.

इंग्रजी कॅपिटल अक्षरं मोकळी सोडली की खुलतात. तोच ट्रॅकिंगचा (अक्षरांमधल्या अंतराचा) आकडा मराठी ओळीला लावला की शिरोरेषेत फटी पडतात. मराठीला शून्य. ओळींमधलं अंतर मात्र सढळ हवं: १८ पॉइंटला २६-२७, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.

मुंबईत गिरगावातल्या कांदेवाडीत पत्रिका छापायला टाकताना मोबाइलवरचं प्रूफ बघून होकार देऊ नका. पडद्यावर बोटांनी मोठी केलेली रेघ कुठलीही जाडच दिसते. ज्या कागदावर छापायचं त्याच्याच तुकड्यावर, खऱ्या आकारात प्रूफ मागा, आणि फॉइलचा ब्लॉक (ठसा) त्यानंतरच बनवायला सांगा.